उष्टं न खाणारी बकरी

सायकलच्या साखळीला तेल घालतात, तसं मी खऱ्याला चार थेंब खोटं घालतो. साखळी कुरकुरू नये, एवढाच हेतू. भद्रावतीला आम्ही जुनी माणसं अजून भांदकच म्हणतो. त्या भांदकच्या फॅक्टरी कॉलनीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली माझं पंक्चरचं दुकान. एक पंप, एक घमेलं पाणी, एक लाकडी पेटी आणि मी. चाकात हवा भरायला दोन मिनिटं लागतात, पण माझ्याकडे आलेला माणूस अर्धा तास जात नाही. तेवढ्या वेळात धानोऱ्याच्या जंगलातला माझा बिबट्या एखादं जनावर उचलून नेतो, किंवा मी पाहिलेला अजगर बैलबंडीचं चाक गिळून बसतो. लोक हसतात, म्हणतात, रामाजीभाऊ, पुरे. पुरे म्हणतात आणि उठत नाहीत. अशी बासष्ट वर्षं मजेत गेली होती. चौऱ्याऐंशी सालच्या कार्तिकात, आठवडी बाजार उठायच्या वेळी, मला एका बाईची ठेच लागली. बाईची नव्हे, तिच्या बोटांची. भाजीवाल्या रुखमाच्या दुकानामागे फुलकोबीच्या पाल्याचा, मुळ्याच्या पाल्याचा ढीग पडला होता आणि ती बाई उकिडवी बसून तो पाला पदरात घेत होती. हातभर गोंदण, पायांत गिलटाचे तोडे. छत्तीसगडातून ठेकेदारानं क्वार्टर बांधायला आणलेल्या मजुरांपैकी असणार, त्यांच्या पंधरावीस झोपड्या रुळापलीकडे नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. पाला गोळा करण्यात नवल काही नाही. पण बकरीसाठी पाला नेणारा माणूस तो कवेत कोंबतो आणि चालू लागतो. ही बाई निवडत होती. पान उजेडाकडे धरी, किडलेला कोपरा नखानं खुडून टाकी, उरलेलं घडी घालून ठेवी. ती घडी मी पाहिली आणि वांगी निवडायची विसरलो.

रुखमा भाजीवाली जातीची माळीण, जिभेची कातरी. तिनं विचारलं, “काऊन वं बाई, एवढ्या पाल्याचं का करतं तू?” बाईनं वर न बघता म्हटलं, “छेरी बर.” छेरी म्हणजे त्यांच्याकडे बकरी, बर म्हणजे साठी. रुखमा म्हणाली, “बकरी? रुळाच्या तिकडं तं एक बी बकरी दिसत नाई मले. रोज जातो मी तिकून.” बाईची बोटं थांबली. पानावर थांबली ती, तशीच. आणि मी, जो तिथं फक्त वांगी घ्यायला उभा होतो, माझ्या तोंडून निघून गेलं, “आहे नं वं रुखमा. म्या पाह्यली. पांढरी हाय, एका कानाले काळा ठिपका. लाजते मोठी. माणूस दिसला का झोपडीत पळते. लाजरीच नाव हाय तिचं.” रुखमानं माझ्याकडे पाहिलं, बाईनंही. रुखमाच्या डोळ्यांत रोजचाच अविश्वास होता. बाईच्या डोळ्यांत काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. आपल्या गोठ्यात रात्रीतून कुणी जनावर बांधून गेलं तर माणूस जसं बघेल, तसं काहीतरी. मी वांगी न घेताच घरी आलो. सुनेनं विचारलं, “मामाजी, वांगी?” मी म्हणालो, सगळी किडकी होती. म्हणजे त्या दिवशी दुसरं खोटं.

माझी सून सत्यशीला शाळेत मास्तरीण. नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं आणि पोरगी त्या नावाला जन्मभर बांधून घेतल्यासारखी वागते. चहात साखर कमी असली तर पाहुण्याला सांगेल, “साखर संपली आहे.” मुलासाठी तिला पाहायला गेलो तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं होतं, स्वयंपाक बेताचा आहे, गणित चांगलं आहे. दोन्ही खरं निघालं. दर पौर्णिमेला आम्ही बरोबर विहारात जातो, पंचशील म्हणतो. पहिलं, दुसरं, तिसरं मी खड्या आवाजात म्हणतो. चौथं येतं, मुसावादा, खोटं बोलणार नाही, तिथं मला बरोबर खोकला येतो. पाचव्याला घसा पुन्हा मोकळा. सत्यशीला बाजूला बसलेली असते, तिचा आवाज पाचही शीलांत सारखा, फूटपट्टीनं ओढल्यासारखा. मला त्या आवाजाची भीती वाटते आणि त्याचा गर्वही वाटतो. घरात एक तरी वजन खरं असलं म्हणजे बाकीची मापं कशीही चालतात.

पण त्या आठवड्यात पंप मारताना माझं लक्ष चाकात नव्हतं. ती घडी डोळ्यांपुढून जाईना. माझी आई, बायनाबाई, अशीच घडी घालायची. पानाची नव्हे, भाकरीची. छपन्न सालाच्या आधी गावात आमच्या वाट्याला सात घरं होती, त्या सात घरांतलं उरलेलं आई संध्याकाळी गाडग्यात घेऊन यायची. चावलेली बाजू खुडून टाकायची, उरलेल्या भाकरीची घडी घालून आमच्यापुढे ठेवायची. खुडलेला तुकडा कुत्र्यालाही घालत नसे, चुलीत टाकी. तेव्हा मला वाटे, आई भाकरी वाया घालवते. मग छपन्नच्या ऑक्टोबरात ती चालत चांद्याला गेली, दीक्षा घेऊन आली, आणि घरात शिरायच्या आधी तिनं ते गाडगं अंगणातल्या दगडावर आपटलं. खापऱ्या माझ्या पायाशी आल्या. म्हणाली, “रामाजी, आता ह्या घरात उष्टं येनार नाई. उपाशी राहू, पर येनार नाई.” आणि आम्ही राहिलो की. त्या साली आम्ही किती दिवस उपाशी राहिलो ते मी मजेशीर करून सांगतो लोकांना. सांगतो की भुकेनं मी इतका हलका झालो होतो की वावटळीत आईनं मला दाव्यानं खुंट्याला बांधून ठेवलं होतं. लोक हसतात. दाव्याचं खोटं आहे. हलकं झाल्याचं नाही.

चौथ्या दिवशी बाई दुकानाशी आली. चाक नव्हतं, सायकल नव्हती, तरी उभी राहिली. नाव मंगली, नवरा बिरजू, दोन मुली. हे सगळं तिनं अर्ध्या हिंदीत सांगितलं. रेशनचं कार्ड गावाकडच्या नावावर, तिथून नाव कापल्याचा कागद आला की इथलं मिळेल, इथलं मिळायला राहण्याचा दाखला लागेल, झोपडीला नंबर नाही म्हणून दाखला नाही. ठेकेदाराची मजुरी कधी येते, कधी पुढल्या पंधरवड्यावर जाते. कार्ड नसलेल्याला दुकानदार तांदळाच्या पोत्याला हातही लावू देत नाही. हे सगळं तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, पावसापाण्याचं बोलावं तसं सांगितलं. मग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, “कका, मोर छेरी को तुम कब देखे?” मी म्हणालो, “बाजाराच्या दिवशी. तू पाह्यली नाई का अजून?” ती जी हसली! तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, आवाज न करता. आमच्या दोघांत त्या बकरीबद्दल खरं बोलणं तेवढंच झालं. नंतर कधीही नाही.

मला काही देता आलं असतं का? आलं असतं. घरात कण्या होत्या, डाळ होती. पण मी एकदा चार भाकऱ्या फडक्यात बांधून रुळापर्यंत गेलो आणि परत आलो. पाय पुढे टाकवेना. कानांत खापऱ्या वाजत होत्या. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे मी तीस वर्षं खालच्या बाजूनं पाहिलेलं. आता वरच्या बाजूनं कसं दिसतं ते पाहण्याची माझी छाती होईना. शिवाय एक घर चार जणांना किती दिवस पुरेल? मग मला जे येतं ते मी केलं. दुकानावर बसून लाजरीला पोसायला लागलो. कॉलनीतली प्रत्येक सायकल माझ्याकडे येते आणि प्रत्येक सायकलमागे एक स्वयंपाकघर असतं. मी सांगायचो, रुळापलीकडे एक बकरी आहे, अशी बकरी झाली नाही. कुणाच्या कुंपणात तोंड घालत नाही, कुणाची तुळस खात नाही, ओरडत नाही. हे खरंच होतं. लोकांच्या घरची सालं, देठं यायला लागली. पहिल्याच दिवशी एकीनं जेवल्या ताटातलं उरलेलं डब्यात घालून पाठवलं. मी तो डबा उघडला, शितांवर आमटी, त्यात कुणाच्यातरी बोटांची रेघ. डबा परत पाठवला आणि लाजरीला एक गुण जास्तीचा चिकटवला. उष्टं चालत नाही तिला. ताटातलं पुढे आलं की तोंड फिरवते, दोन दिवस पाण्यालाही शिवत नाही. आणि पाला धुतलेला लागतो. कॉलनीतल्या बाया आधी हसल्या, मग एकमेकींना सांगायला लागल्या. आपल्या घरचं त्या बकरीनं खाल्लं ह्यात एक मान तयार झाला. “माझ्या घरची पालक खाल्ली तिनं,” “माझ्या घरची तांदळाची कनकी आवडते तिला,” असं. माझी आई बकरी झाली होती आणि अख्खी कॉलनी तिच्यापुढे हात धुऊन उभी होती. आईनं वरून पाहिलं असतं तर मला खेटरानं मारलं असतं, आणि मग पदराआड हसली असती.

इंदुताई मात्र हसून सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांचे यजमान वामनराव फॅक्टरीत सुपरवायझर, क्वार्टरपुढे गुलाब, दारात स्कूटर. एक दिवस स्वतः चालत आल्या. “रामाजीभाऊ, माझ्या नातवाला गाईचं दूध पचत नाही. डॉक्टर बकरीचं म्हणतात. त्या लाजरीचं पावभर मिळेल का?” दूध! मी पान्हा सोडून बाकी सगळा विचार केला होता. तोंडातून आपोआप निघालं, “आटली हाय ताई. गाभण हाय.” इंदुताईंचा चेहरा फुलला. “कधीपासून?” मी म्हणालो, आता ह्याच महिन्यात. त्यांनी तिथंच बोटांवर महिने मोजले. बकरी पाच महिने. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र. “म्हणजे चैत्रात दूध. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवते.” त्या गेल्या आणि मी पंपाच्या दांड्यावर डोकं ठेवून बसलो. आयुष्यात हजार थापा मारल्या, पण दिवस गेलेली थाप ही पहिलीच.

त्या पाच महिन्यांत मी चांगलाच वाळलो आणि मंगलीच्या मुलींच्या गालांवर मात्र थोडं मांस आलं. इंदुताई गाभणीसाठी म्हणून अळशी, गूळ, मुगाची चुणी पाठवत. इतरांनाही चढाओढ लागली. मंगली आठवड्यातून एकदा येई आणि दुकानापुढे उभी राहून निरोप देई. “कका, छेरी को मुनगा भाजी बहुत अच्छा लगा.” मी तो निरोप पुढे देई, आणि कुणाच्यातरी परसातल्या शेवग्याचा पाला उतरे. एकदा ती आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि फार गंभीर तोंड करून म्हणाली, “कका, आज छेरी को झिंगा खाने का मन है.” बकरीला सुके झिंगे! मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे वर आढ्याकडे, म्हणजे निंबाकडे. मी बाजारात जाऊन रुखमाला सांगितलं. रुखमा म्हणाली, “बकरी झिंगे खाते? रामाजीभाऊ, मले येडी समजता का?” मी म्हणालो, “डोहाळे हायत वं. तुले तुझ्या टायमाले चुलीतली माती नोती लागत?” रुखमा उठली. मग शेजारच्या सुकटवालीकडून ओंजळभर झिंगे आणून कागदात बांधले. बांधताना म्हणाली, “तिखट जास्त टाकाले सांगजा. बकरीले.” तेव्हा मला कळलं की तिला कधीचंच कळलंय. त्यानंतर मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. पालक देणारी बाई, कनकी देणारी बाई, ह्यांतल्या किती जणींना ठाऊक आहे? कुणाची मान हलली की वाटे, झालं. थाप मारणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती ऐकणाऱ्याच्या शहाणपणाची.

आणि सत्यशीलाला मी काही बोललो नव्हतो. माघात ती शाळेच्या कामावर झोपड्यांत गेली होती, शाळेबाहेरची मुलं मोजायला. मंगलीच्या दोन्ही मुलींचं नाव तिनं पहिलीत घातलं. घरी येऊन एवढंच म्हणाली, “शाळेत नाव आहे म्हणजे राहणं इथलं आहे. त्या कागदावर राहण्याचा दाखला मिळू शकतो, मामाजी. कुणा मोठ्या माणसाची सही पाहिजे फक्त. वामनरावांना विचारते.” वामनरावांनी कागद वाचला आणि म्हणाले, मी त्यांना ओळखत नाही, इंदू ओळखते त्यांच्या बकरीला, चैत्रात ती बकरी बघायला जाईल, तिनं सांगितलं की माणसं खरी आहेत, तर करतो सही. बघा काय गाठ बसली ती. कार्ड सहीवर, सही इंदुताईंच्या शब्दावर, इंदुताईंचा शब्द बकरीवर, आणि बकरी माझ्या जिभेवर. बकरी खोटी ठरली की मंगली लबाड, लबाड बाईला सही नाही, सही नाही तर कार्ड नाही, आणि पुढे उन्हाळा. भाजी महागणार, पाला आटणार, ठेकेदाराचं काम पावसाळ्यात बंद. मी रोज सकाळी पंपाला हात लावायच्या आधी बकरी मारायचा बेत करी. बिबट्याच बरा. पण कुठून आणू? रुळापलीकडे झुडपं आहेत. कोळशाच्या खाणीच्या बाजूनं आला म्हणून सांगू. काळा झाला असेल कोळशानं.

चैत्रातल्या बाजाराच्या दिवशी सकाळी इंदुताई आल्याच. एका हातात गूळ, ओवा, बाजरीचं पीठ घातलेली पिशवी, दुसऱ्यात दुधाचं कोरं पातेलं. “चला रामाजीभाऊ, दिवस भरले. लाजरीला बघायचं आहे आज.” सत्यशीला नेमकी तिथंच उभी, दाखल्याचा कागद हातात, शाळेत जाताना सायकलला हवा भरायला थांबलेली. मी तोंड उघडलं. “ताई, काल का झालं म्हणसान, खाणीच्या बाजूनं एक बिबट्या...” आणि आवाज फाटला.  बासष्ट वर्षांत पहिल्यांदा मला माझाच बिबट्या दिसेना. नुसतं रान, रिकामं. इंदुताई म्हणाल्या, “तुमच्या बिबट्यानं आजवर सतरा जनावरं खाल्ली, भाऊ. मी मोजते आहे. राहू द्या.” मग त्या वळल्या. “सत्यशीला, तू सांग. तू जातेस तिकडे. तू काही खोटं बोलणार नाहीस. व्याली का बकरी?”

पंपातून हवा सुटत होती, फुस्स. मी ती नळी दाबूही शकलो नाही. मला सत्यशीलाचा चेहरा दिसत नव्हता, हातातला कागद दिसत होता, आणि कागदाचा कोपरा. त्या कोपऱ्याची तिनं बारीक घडी घातली. मला वाटलं, आता ही फूटपट्टी काढणार. बरोबरच करणार. माणसानं एक खरं माणूस घरात आणावं आणि त्याच्यापुढे पाच महिने बकरी चारावी, हा माझाच मूर्खपणा. सत्यशीला म्हणाली, “गेली, काकू. पिल्लू आडवं आलं.”

बस, एवढंच. ना बिबट्या, ना कोळसा, ना ठिपक्याचा कान. इंदुताईंचे डोळे भरले. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, पदर नाकाला लावला. “मुकं जनावर गं. कुणाला त्रास नाही दिला कधी. आणि त्या बाईला किती वाईट वाटत असेल, पोटच्या पोरीसारखं जपलं तिनं.” पिशवी सत्यशीलाच्या हातात दिली. “हे तिलाच दे. बाळंतिणीचं सामान परत नेत नाहीत.” कागद मागितला, आणि संध्याकाळी तो सही होऊन आला. नंतर मी सुनेला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक? ती म्हणाली, “माघात. दावं नाही, लेंडी नाही, खुंटा नाही. गणित सोपं होतं, मामाजी.” मग मला आठवलं की माघापासून आपल्या घरची मेथीची एक जुडी रोज कमी पडत होती, आणि मी उगाच उंदरांना शिव्या देत होतो.

दुःखाचा एवढा बोभाटा झाला की चार दिवस कॉलनीतल्या बाया मंगलीला भेटायला जात होत्या. कुणी रिकाम्या हातानं कसं जाईल? मंगली झोपडीपुढे बसून मान खाली घालून रडे. मला तर वाटतं खरंच रडे. पाच महिने सोबत राहिलेलं जनावर होतं ते. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. पहिल्या रेशनच्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं. भात शिजत होता, बाजूला फुलकोबीच्या पाल्याची भाजी, शेवटची असणार, लसूण घालून केलेली. झाकण काढून पहिली वाढ तिनं माझ्या पानावर वाढली, वाफेसकट, घरात कुणीही जेवायच्या आधी. मी तो पाला चावत राहिलो. एक शिरही किडकी नव्हती. म्हणाली, “कका, मिर्ची जादा तो नई होइस?” मी म्हणालो, जास्त झाली. डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण लागतंच की नाही?

आणि वैशाख लागल्यावर इंदुताईंनी खरी बकरी पाठवली. बाजारातून घेतलेली, दुभती, पिलासकट. अर्ध्या वाट्यानं पाळायला दिली मंगलीला. सकाळचं दूध नातवाला, पुढची पिल्लं दोघींत निम्मी. का, तर लाजरीला जिनं इतकं सांभाळलं तिच्याइतका भरवसा कुणाचा? ही बकरी काळी, शिंगवाली, तोंडाळ. पहिल्याच दिवशी तिनं वामनरावांचे गुलाब खाल्ले, दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानातल्या सायकलीच्या सीटचं कव्हर, तिसऱ्या दिवशी रुखमाचा कोथिंबिरीचा पूर्ण वाटा. उष्टं, खरकटं, कागद, चिंधी, काही सोडत नाही. कॉलनी रोज म्हणते, आधीची लाख गुणाची होती. मी मान डोलावतो. होतीच.

पण माझ्या जिवाला एक घोर लागून राहिला होता. घरातलं ते एकच खरं वजन. मी ते बकरीसाठी वापरून टाकलं की काय? सत्यशीला नेहमीसारखीच होती. पाहुण्याला सांगत होती, साखर संपली आहे. पण मी तिच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागलो, चाकातल्या बारीक छिद्राकडे लावतात तसा. वैशाखी पौर्णिमेला विहार भरलेलं होतं, मागच्या भिंतीशी मंगली, बिरजू आणि दोन मुलीही येऊन बसल्या होत्या, खीर आहे म्हणून. पंचशील सुरू झालं. पहिलं. दुसरं. तिसरं. माझा आवाज खडा, बाजूला तिचा आवाज सरळ. चौथं आलं. मी खोकायला तोंड उघडलं, तर माझ्या आधी तिला खोकला आला.